जुन्या विलायती मोटारींची कैफियत

माणसाला वस्तूंविषयीं जी ममता वाटते ती दोन कारणांनीं. एखादी वस्तु बिनतक्रार आपली सेवा करते म्हणून ती प्रिय होते. तर एखादीची सेवा आपणांसच करावी लागते म्हणून ती प्रिय होते. जुन्या विलायती मोटारींविषयींची ममता या दुसऱ्या जातीची आहे. जालना जिल्ह्यांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढें मॉरिस, ऑस्टिन, स्टॅंडर्ड हेरल्ड हीं नांवें नुसतीं उच्चारावीं, कीं प्रथम त्यांच्या चेहऱ्यावर हंसूं येतें आणि लगेच तक्रारींचा पाढा सुरू होतो. भर दुपारीं पाणी उकळलें, ऐन अंधारांत दिवे गेले, वऱ्हाड पोंचलें आणि नवरदेव वाटेंतच राहिला. हंसूं खरें आणि तक्रारहि खरी. मग या मोटारी मुळांतच वाईट होत्या काय ? दोष त्यांचा किती, त्या घडविणाऱ्यांचा किती आणि आपल्या उन्हाचा व रस्त्यांचा किती, याची नीट वांटणी करून पाहण्यासारखी आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करूं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या अमलाखालीं होतें. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हा त्याचा जिल्हा. १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास येथून गेला आणि कापसाची ही पेठ भरभराटीस आली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या वैभवाची साक्ष देते. परंतु रुळांपासून दूर असलेल्या अंबड, भोकरदन, जाफराबाद, मंठा या गांवांना बैलगाडीवांचून गति नव्हती. निजाम स्टेट रेल्वेनें १९३२ च्या जूनमध्यें संस्थानांत २७ बसगाड्या आणि १६६ नोकर यांनिशीं रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्या बसगाड्यांत ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याच्या गाड्या होत्या. खाजगी मोटार मात्र कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर आणि जहागीरदार अशा मोजक्यांच्याच दारीं दिसे.

त्या मोटारीला रस्ता कसा मिळे ? मोठा रस्ता खडी-मुरमाचा. तो सोडला कीं काळी जमीन. पावसाळ्यांत ही माती चाकांना अशी बिलगे कीं चाक आणि मडगार्ड यांमधील फट बुजून जाई आणि चाक फिरेनासें होई. उन्हाळ्यांत तीच माती पिठासारखी उडून यंत्राच्या प्रत्येक सांध्यांत शिरे. मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढे. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री किंवा ऑक्सफर्ड येथें बसून मोटारीचा आराखडा काढणाऱ्या कारागिराच्या स्वप्नांतहि असा रस्ता आला नसेल. त्याच्यापुढें होती ती थंड हवा, डांबरी रस्ते आणि रविवारचा दहा-वीस मैलांचा फेरफटका.

येथें कोणी विचारील, कीं मग अमेरिकन मोटारी याच रस्त्यांवर कशा टिकल्या ? प्रश्न रास्त आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेसारख्या गाड्या देशभर पसरल्या. अमेरिकेंतील खेड्यापाड्यांचे रस्तेहि त्या काळीं कच्चेच होते; म्हणून तेथील मोटार उंच, दणकट आणि मोठ्या एंजिनाची असे. पण तिला पेट्रोल फार लागे. इंग्लंडची गाडी छोटी, देखणी आणि कमी पेट्रोलवर धांवणारी. संसारी गृहस्थाला तीच परवडे. १९२२ सालीं निघालेली ऑस्टिन सेव्हन ही तर इतकी लहान होती, कीं ‘बेबी ऑस्टिन’ या नांवानेंच ती ओळखली जाई.

इंग्लंडची मोटार एवढी लहान कां, याचें उत्तर तेथील करपद्धतींत आहे. १९२१ पासून इंग्लंडांत मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ति एंजिनाची खरी ताकद मोजून ठरवीत नसत. ती एका सूत्रानें काढीत. नळकांड्याचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, त्यास नळकांड्यांच्या संख्येनें गुणावयाचें आणि अडीचनें भागावयाचें. सेव्हन, एट, टेन हे मोटारींच्या नांवांतील आंकडे याच हिशेबांतून आले. या सूत्रांत व्यास होता, पण दट्ट्या किती लांब खालीं-वर जातो याचा हिशेब नव्हता. तेव्हां कर वांचविण्यासाठीं कारखानदारांनीं नळकांडें अरुंद आणि लांब केलें. असें एंजिन सावकाश चालींत गाडी चांगली ओढतें. पण वेग वाढला कीं दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यांत लांब पल्ला कापावा लागतो, घर्षण वाढतें आणि बेअरिंगांवर ताण पडतो. इंग्लंडांतील छोट्या प्रवासांत ही उणीव झांकून राही. जालन्याहून औरंगाबादचा साठ किलोमीटरांचा पल्ला भर उन्हांत, सहा माणसें आणि वर सामान घेऊन मारतांना ती उघडी पडे. ही करपद्धति १९४७ नंतर बदलली. पण तिच्या सांच्यांत घडलेलीं एंजिनें पुढें कितीतरी वर्षें रस्त्यावर राहिलीं.

आतां एकेक तक्रार घेऊं. पहिली उष्णतेची. ऑस्टिन सेव्हन आणि १९४८ ची पहिली मॉरिस मायनर यांच्या एंजिनांत पाणी खेळविण्यासाठीं पंपच नव्हता. गरम पाणी हलकें होऊन वर चढतें, रेडिएटरमध्यें निवतें आणि जड होऊन खालीं उतरतें, या निसर्गनियमावरच सगळी भिस्त. योजना सुंदर, पंपच नाहीं, मग बिघडणार काय? पण तिला एक अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं पाण्याचें फिरणें एकदम बंद पडे. वाफेवाटें थोडें पाणी उडालें, कीं उरलेलें निवेना; निवेना म्हणून आणखी उडे. यासाठींच मोटारीबरोबर पाण्याचा डबा किंवा कातडी पखाल असे, आणि वाटेंतील प्रत्येक विहीर ड्रायव्हरला तोंडपाठ असे.

उष्णतेचाच दुसरा उपद्रव पेट्रोलचा. पेट्रोल थोड्या उष्णतेनेंहि वाफ होऊं लागतें. एंजिनाजवळून जाणारी नळी तापली, कीं तिच्यांत वाफेचा बुडबुडा धरतो. पंपाला द्रव ओढतां येतो, बुडबुडा ओढतां येत नाहीं. टांकी भरलेली आणि मोटार उपाशी ! उपाय सोपा होता. नळीवर आणि पंपावर ओलें फडकें गुंडाळावयाचें आणि झाडाखालीं थोडा वेळ बसावयाचें. माठांतील पाणी ज्या नियमानें गार होतें त्याच नियमानें पेट्रोलहि निवे. अनुभवी ड्रायव्हर एप्रिल उजाडतांच फडकें आधींच बांधून ठेवी. मॉरिस मायनरचा विजेवर चालणारा पेट्रोलपंप आणखी एक खोड करी. त्याच्या आंतील टेंकण्या काजळून चिकटत आणि त्याची टकटक थांबे. मग एंजिनाचें झांकण उघडून पान्यानें त्याला हलकीच टपली मारावी लागे. या टपलीचें शास्त्र कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें. तें हातांनींच शिकावें लागे.

दुसरी तक्रार विजेची. विलायती मोटारींचीं विजेचीं उपकरणें बहुतेक बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस यांच्या कारखान्यांत होत. या कारखान्याला खुद्द इंग्रजांनींच ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी थट्टेनें दिली होती. थट्टेंतील अतिशयोक्ति सोडली तरी मुद्दा उरतोच. त्या काळचा डायनॅमो एंजिन संथ असतांना वीज जवळ जवळ देतच नसे. रात्रीं कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगेमागून मुंगीच्या पावलांनीं जावें लागलें, तर दिवे सारी वीज बॅटरीतूनच ओढीत आणि मुक्कामीं पोंचेपर्यंत प्रकाश पिवळा पडे. तारांवर रबर आणि त्यावर सुती वीण. उन्हानें रबर तडके आणि सूत उंदरांना आवडे. विजेचा परतीचा मार्ग मोटारीच्या पत्र्यांतून. सांध्यांत गंज किंवा धूळ बसली कीं तो मार्ग तुटे. त्यामुळें डावा दिवा लावला असतां उजवा मिणमिणावा, हॉर्न दाबला असतां दिवे मंदावे, असे चमत्कार घडत. येथें दोष केवळ हवेचा नव्हे. जोडणी घट्ट आणि झांकलेली करणें कारखान्याच्या हातीं होतें. काटकसरीपायीं तें झालें नाहीं.

तिसरी तक्रार तेलाची. विलायती मोटार जेथें उभी राही तेथें काळा ठिपका उमटवी. फिरणारा मुख्य दांडा एंजिनाबाहेर येतो तेथें तेल अडविण्यासाठीं रबरी कडें न बसवितां दांड्यावर उलट्या आंट्यांची खांच पाडीत; दांडा फिरला कीं खांचेवाटें तेल आंत ओढलें जाई. नवी असतांना युक्ति नामी. दांडा थोडा झिजला कीं थेंब सुरू. त्यावरून एक विनोद रूढ झाला, कीं अशा मोटारीखालीं तेल दिसलें नाहीं तर घाबरावें, कारण मग आंतहि तेल नाहीं असें समजावें.

चौथी तक्रार विशेष गमतीची आहे. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आंट्यांचें एक प्रमाण सुचविलें आणि तें इंग्लंडभर रुजलें. पुढें बारीक आंट्यांचें वेगळें प्रमाण आलें, विजेच्या लहान स्क्रूंचें आणखी वेगळें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेशीं जुळणारें चौथें. मॉरिस मोटारींनीं तर यावर कळसच केला. त्यांचें एंजिन मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्यांत होई. तेथील यंत्रसामग्री फ्रेंच मापाची, म्हणून बोल्टाचे आंटे मिलिमीटरांत. पण इंग्रज गिऱ्हाइकाचा पाना लागावा म्हणून बोल्टाचें डोकें मात्र व्हिटवर्थ मापाचें! परिणाम असा, कीं दुकानांतून आणलेल्या बोल्टास पाना बरोबर बसे, पण बोल्ट भोंकांत जात नसे. तो जबरीनें पिळला कीं जुने आंटेहि मरत. जालन्यासारख्या ठिकाणीं असा बोल्ट मुंबईहून मागवावयाचा म्हणजे आठ दिवसांची निश्चिंति. म्हणून हुशार मिस्त्री लेथवर तो स्वतःच पाडून घेई.

पांचवी तक्रार चाकांची, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. मॉरिस मायनरचें पुढचें चाक ज्या खांबावर फिरतें, त्याचें खालचें टोंक आंटे पाडलेल्या ठोकळ्यांत बसविलेलें असतें. तेथें वेळच्या वेळीं ग्रीस भरलें नाहीं तर आंटे झिजतात आणि एके दिवशीं चाक आडवें होऊन गाडी नाकावर बसते. स्टॅंडर्ड हेरल्डची रचनाहि तशीच, पण तिला त्या जागीं ग्रीस नको, पातळ तेल हवें. ग्रीस आंट्यांच्या तळापर्यंत पोंचत नाहीं, पाणी आंत राहतें आणि लोखंड गंजून खांब मोडतो. कित्येक मिस्त्री मॉरिसच्या संवयीनें हेरल्डलाहि ग्रीसच भरीत; मालकाला वाटे सेवा झाली, आणि प्रत्यक्षांत घात होत असे. या एका उदाहरणावरून दिसेल, कीं या मोटारींचें आयुष्य त्यांच्या बांधणीइतकेंच सांभाळणाराच्या ज्ञानावर अवलंबून होतें.

एवढ्यावरून इंग्रजांची मोटार म्हणजे बेभरंवशाचीच, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट या मोटारीनें १९०७ सालीं चौदा हजार मैलांहून अधिक पल्ल्याची कसोटी पार पाडून जगाचीं तोंडें बंद केलीं होतीं. निजामासाठीं बनविलेली त्याच जातीची पिवळी मोटार आजहि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. तिच्यांत सिंहासनासारखें आसन आहे. पण ती समारंभापुरतीच बाहेर निघे. म्हणजे जी मोटार कधीं दगा देती ना, ती महालांत उभी; आणि ज्या दगा देत, त्या काळ्या मातींत राबत. इंग्रजांना उत्तम मोटार करतां येत होती; शंभरांतील एकाला परवडणारी नव्हे, तर दहांतील एकाला परवडणारी मोटार तितकीच उत्तम करणें त्यांना साधलें नाहीं.

इतकें असूनहि लोभ कां ? एक कारण रूपाचें. मॉरिस मायनरचा गोल, गुबगुबीत बांधा अॅलेक इसिगोनिस या आराखडाकारानें काढला. वळणावर ती गाडी रस्त्याला जी धरून राही तिचें कौतुक जाणकार अजूनहि करतात. दहा लाखांवर खपलेली ती पहिली इंग्रजी मोटार. हेरल्डचें नाकासकट सगळें झांकण पुढें उलटें, आणि मिस्त्री पुढच्या टायरवर आरामांत बसून काम करी. तिचीं पुढचीं चाकें इतकीं वळत, कीं अरुंद बाजारपेठेंत ती जागच्या जागीं फिरल्यासारखी वळे. याच हेरल्डचा सांगाडा तुकडे बोल्टांनीं जोडून केलेला. म्हणून सांध्यांतून धूळ येई, पाऊस येई आणि खडखडाट तर अखंड चाले.

परंतु खरें कारण याहून खोल आहे. ही मोटार समजण्यासारखी होती. झांकण उघडलें कीं कार्ब्युरेटर कोठें, ठिणगी कोठून येते, पाणी कोठून जातें, तें डोळ्यांना दिसे. बिघाड दोनच गोष्टींत असे : पेट्रोल पोंचत नाहीं, किंवा ठिणगी पडत नाहीं. शाळेंत पदार्थविज्ञानांत कच्चा ठरलेला मुलगाहि गॅरेजांत शागिर्दी करतां करतां बाष्पीभवन, घर्षण आणि विद्युत्प्रवाह यांचे धडे हातांनीं शिके. मराठवाड्यांतल्या गॅरेजांत मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणत, आणि ती पदवी गवयाच्या पदवीइतक्याच आदरानें उच्चारली जाई. तो एंजिनाला लांकडाची कांब लावून दुसरें टोंक कानाशीं धरी आणि कोणतें बेअरिंग बोलतें आहे तें सांगे. गॅस्केट मिळालें नाहीं तर जाड पुठ्ठा कापून, तेलांत भिजवून बसवी. फुटलेली नळी सायकलच्या ट्यूबनें बांधी. अशा दुरुस्त्या कांहीं काल टिकत, कांहीं वर्षानुवर्षें.

आणि मोटार बंद पडणें हा सामाजिक प्रसंग असे. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीला निघालेली मंडळी वाटेंत खोळंबली, कीं शेतांतील माणसें न बोलावतां येत. एक जण धक्का मारी, दुसरा पाणी आणी, तिसरा सल्ला देई. हॅंडल मारणाराला अंगठा मुठीच्या वर न ठेवतां बोटांबरोबर एकाच बाजूस ठेवण्याची ताकीद सगळे देत, कारण उलटा झटका बसला तर मनगट मोडे. झाडाखालीं शिदोरी सुटे, ओळखी निघत, आणि एखादी सोयरीकहि जुळे. हें सगळें आठवतांना त्या तासांची तगमग विसरली जाते, हेंहि मान्य केलें पाहिजे. बाळंतिणीला दवाखान्यांत नेतांना मोटार बंद पडली असेल, त्या घरांत ही गोष्ट कोणी हंसत सांगत नाहीं.

आतां आपल्या देशाच्या वांट्याचा दोष. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ सालीं स्थापन झाली आणि पुढें बंगालमधील उत्तरपाडा येथें तिचा कारखाना उभा राहिला. मॉरिस टेनवरून हिंदुस्थान टेन, मॉरिस मायनरवरून बेबी हिंदुस्थान, मॉरिस ऑक्सफर्डवरून लॅंडमास्टर आणि शेवटीं अॅम्बॅसडर अशा गाड्या तेथें निघाल्या. मद्रासच्या स्टॅंडर्ड कंपनीनें १९६१ पासून हेरल्ड आणली. तिकडे मुंबईंत वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कारखान्यानें इटालियन फियाट घेतली. परदेशी कंपन्यांना येथें नुसत्या गाड्या जोडून विकण्यास मनाई झाल्यावर जनरल मोटर्स १९५४ च्या सुमारास निघून गेली. स्वदेशी उद्योगाच्या दृष्टीनें हें धोरण समजण्यासारखें होतें. पण गिऱ्हाइकाला पर्यायच उरला नाहीं. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी आणि मिळेल ती गाडी मुकाट्यानें न्यावी, अशी स्थिति झाली. स्पर्धा नाहीं तेथें सुधारणा कशाला ? १९५७ च्या सुमारास निघालेली अॅम्बॅसडर मूळ बांधा न बदलतां २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. ती दणकट होती, प्रशस्त होती, सरकारी साहेबापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांची होती. परंतु जें दार पहिल्या दिवशीं नीट लागत नसे, तें पन्नास वर्षांनींहि नीट लागूं नये, याचें खापर लंडनच्या धुक्यावर फोडतां येणार नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली आणि किल्ली फिरवितांच सुरू होणारी मोटार ही काय चीज आहे, तें मध्यमवर्गाला प्रथम कळलें.

इंग्लंडांतहि हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ सालीं एकत्र आल्या, १९६८ सालीं ब्रिटिश लेलॅंड नांवाचा प्रचंड समूह झाला, १९७५ सालीं तो सरकारनें ताब्यांत घेतला, आणि त्याचा शेवटचा मोठा अवशेष एम. जी. रोव्हर २००५ सालीं कोसळला. घरच्या आणि साम्राज्याच्या हमखास गिऱ्हाइकावर विसंबून राहिल्यानें जपानी व जर्मन कारखानदार पुढें निघून गेले. १९४५ नंतर भरडलेल्या त्या देशांनीं तक्रार ही शिकवण मानली. विजयी इंग्लंडनें ती गिऱ्हाइकाची कटकट मानली. काळाचा न्याय असा, कीं २००८ सालीं जॅग्वार आणि लॅंड रोव्हर या दोन नामवंत विलायती कंपन्या मुंबईच्या टाटांनीं विकत घेतल्या.

आज जालना जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग जातो. त्यावरून धांवणारी नवी मोटार उन्हांत उकळत नाहीं, पावसांत विझत नाहीं आणि तेल गाळीत नाहीं. ही प्रगति खरी आहे. तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणा होईल. मात्र ती बंद पडलीच तर धनी आणि मिस्त्री दोघेहि सारखेच असहाय होतात. बिघाड कोठें आहे तें संगणकाला विचारावें लागतें, आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा अख्खा भाग बदलणें. जुनी मोटार वारंवार बिघडे, पण माणसाच्या आवांक्यांत बिघडे. नवी क्वचित् बिघडते, पण बिघडली कीं आवांक्याबाहेर जाते. भरंवसा आणि समज या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रांत मिळाव्या, अशी मागणी करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि जुन्या मोटारींनीं शिकविलेला हा धडा सर्वांत मोलाचा आहे.

या मोटारी आतां थोड्याच उरल्या आहेत, आणि त्यांचें भवितव्य जालन्याशीं एका निराळ्या नात्यानें जोडलेलें आहे. कापसाची पेठ म्हणून गाजलेलें हें शहर आज पोलादाच्या सळयांसाठीं प्रसिद्ध आहे. येथील विजेच्या भट्ट्यांत देशोदेशींचें भंगार वितळतें आणि त्याच्या सळया घरांच्या स्लॅबांत जातात. एखाद्या अंगणांत चिंचेखालीं वीस वर्षें उभी असलेली मॉरिस वजनावर विकली, तर तिचाहि शेवट असाच होणार. केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपांत राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद दिली आहे. त्यासाठीं २०,००० रुपये शुल्क आहे, नोंद दहा वर्षें टिकते आणि नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. प्रदर्शन, फेरी किंवा दुरुस्ती यांसाठीं गाडी बाहेर काढतां येते. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला मात्र वापरतां येत नाहीं. धनिकाला हें सहज जमेल. सामान्य घरांत वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या गाडीला हा खर्च जड जातो, आणि भंगारवाला रोख पैसे घेऊन दारांत उभा असतो.

सगळ्याच गाड्या जपाव्या असें कोणी म्हणणार नाहीं. पोलादाला दुसरा जन्म मिळाला तर त्यांतहि वाईट कांहीं नाहीं. पण गाडी वितळण्यापूर्वीं तिच्याबरोबरची विद्या वितळूं नये, याची काळजी घेणें शक्य आहे. श्रीलंकेंत मॉरिस मायनर अजूनहि रस्त्यावर धांवतांना दिसते, याचें कारण तेथें तिचे सुटे भाग करणारे हात शिल्लक राहिले. आपल्याकडे तंत्रशाळांतून एखादें जुनें एंजिन मुलांपुढें उघडून ठेवावें. ज्या वृद्ध उस्तादांच्या बोटांत ही कला आहे त्यांना तेथें सन्मानानें बोलवावें. आणि मॉरिसला ग्रीस व हेरल्डला तेल, ही साधी गोष्टहि कोणीतरी लिहून ठेवावी. ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं ती निव्वळ पुसून न ठेवतां महिन्यांतून एकदां सुरू करावी, कारण उभें राहिलेलें यंत्र चालणाऱ्या यंत्रापेक्षां लवकर मरतें. गाडी सुरू झाली तर आनंदच आहे. न झाली, तर झांकण उघडून घरांतल्या मुलांना जवळ बोलवावें, आणि आधीं पेट्रोल पोंचतें कीं नाहीं तें पाहावें, मग ठिणगी.